फारो, आठ महिन्यांनंतर: इमेज गेली, कोड राहिला, खाडे भिंतीवर सापडले

मावशीची कर्वेनगरात खानावळ आहे. साठ-पासष्ट डबे, बहुतेक बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं. हिशोब ऐकायला सोपा, करायला नाही. महिन्याचे पैसे आगाऊ. खाडा धरायचा तर आदल्या रात्री नऊच्या आत कळवलेलं हवं आणि सलग तीन दिवसांच्या वर हवा. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री सुट्टी. जास्तीची पोळी वेगळी. आणि प्रत्येक नियमाच्या मागे मावशी उभी: "अरे, त्याची आई आजारी होती, त्याचा एका दिवसाचासुद्धा धर."

हे एक्सेलमध्ये बसवताना रडकुंडीला आलो होतो. नियमांपेक्षा अपवाद जास्त, म्हणून जूनमध्ये फारो या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहायला घेतलं. आवृत्ती १२. दिवसभर नोकरीत जावा भाषा, रात्री हे.

ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. स्मॉलटॉक ही झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात घडलेली भाषा. १९९६ मध्ये तिच्यातून स्क्वीक आलं, २००८ मध्ये स्क्वीकची फांदी फुटून फारो. फुकट आहे, मुक्त आहे. पण खरा फरक वेगळाच. बाकी ठिकाणी आपण फायली लिहितो आणि त्या चालवतो. इथे आपण एका इमेजच्या आत राहतो. क्लास (कोडचे साचे), उघड्या खिडक्या, अर्धवट टाइप केलेली ओळ, मावशीचे त्रेसष्ट मेंबर, सगळं एकाच फाइलमध्ये जिवंत. सेव्ह करून बंद करा, उद्या उघडा, सगळं काल जिथे होतं तिथेच.

याची चटक लागते. जुलैमध्ये एका मुलाचं बिल उणे आलं. मावशीसमोरच डीबगर (चुका शोधायची खिडकी) उघडला, चुकलेली मेथड, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, त्यातच दुरुस्त केली, पुढे चालू म्हटलं आणि तेच अडकलेलं बिल बरोबर होऊन पडद्यावर आलं. मावशी म्हणाली, "झालं? बंद करून परत चालू नाही करायचं?" नाही करायचं. नोकरीत हेच करायला मला बिल्ड, डिप्लॉय आणि दोन चहा लागतात.

ऑगस्टमध्ये एकदा स्वतःच्याच खिडकीच्या चित्रकामात चूक केली, तर तिथे लाल चौकोन आणि त्यावर पिवळी फुली. घाबरलो, पण बाकी सगळं चालू होतं. तेव्हा वाटलं, हे वातावरण तसं चिवट आहे. तो गैरसमज महिनाभर टिकला.

गणपतीत पोरं घरी जातात. कोकणातली तर आठ-दहा दिवस गायब. म्हणजे वर्षातले सगळ्यात जास्त खाडे याच काळात. महिनाअखेरीला मावशीच्या जुन्या डेस्कटॉपवर बसून मी ते सगळे भरले, पाऊस चालू होता, सेव्ह दाबलं आणि त्याच क्षणी लाइट गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच मेली होती, ते तेव्हा कळलं.

लाइट आल्यावर इमेज उघडेना. काळ्या खिडकीत दोन ओळी उमटायच्या आणि संपलं. फाइलचा आकार पाहिला तर नेहमीच्या निम्म्याहून कमी. अर्धवट लिहिली गेली होती. माझी आदली प्रत तीन आठवड्यांपूर्वीची. मावशीने चहा आणून ठेवला आणि काही विचारलं नाही, ते जास्त लागलं.

आता कामाचा भाग. पहिलं, अख्ख्या फोल्डरची प्रत काढा आणि मूळ फोल्डरला हात लावू नका. इमेजशेजारी त्याच नावाची, चेंजेस एक्स्टेन्शनची फाइल असते. ती मरत नाही, निदान माझी मेली नव्हती. तिचं काम एकच: तुम्ही मेथड सेव्ह केली की तिचा मजकूर शेवटी चिकटवायचा. जुनं कधी खोडायचं नाही. साध्या नोटपॅडमध्ये उघडते. प्रत्येक तुकडा उद्गारचिन्हाने संपतो आणि मजकुरातच उद्गारचिन्ह असेल तर ते दोनदा लिहिलेलं असतं. मेथडच्या वर क्लासचं नाव, माझं नाव, तारीख, वेळ. मी खाली खाली जात राहिलो. खाडा मोजणारी मेथड मी सात वेळा लिहिली होती, सातही तिथे होत्या, एकाखाली एक, आणि चौथी आज वाचली तरी लाज वाटेल अशी होती.

पण तिथून हाताने कॉपी करत बसू नका. मी तासभर केलं, मग अक्कल आली. फारोत एपिसिया नावाची, कोडमधल्या बदलांची नोंदवही आहे. इमेजच्या फोल्डरमध्ये फारो-लोकल, त्यात ओम्बू-सेशन्स, त्यात प्रत्येक सेशनची एक ओम्बू फाइल. मी तीन आठवड्यांपूर्वीची इमेज उघडली, त्यात कोड चेंजेसची खिडकी उघडली आणि मेलेल्या इमेजच्या ओम्बू फायली एकेक करून दाखवल्या. प्रत्येक बदल ओळीने दिसतो, जुनं-नवं शेजारी शेजारी. हवे ते निवडायचे आणि लागू करायचे. जुन्यापासून नव्याकडे जा. मी घाईत उलट गेलो, तर अजून जन्माला न आलेल्या क्लासमध्ये मेथड घालायला निघालो. सुधारून दुसऱ्यांदा केलं, चाळीस मिनिटांत कोड शेवटच्या संध्याकाळपर्यंत आला. एक मेथडही गेली नाही.

स्क्वीकवाल्यांसाठी: तुमच्याकडे फाइल लिस्टमधून चेंजेस फाइल निवडून तिची यादी उघडता येते, तेच काम होतं.

खाडे मात्र गेले. इथेच मी तोंडावर आपटलो. चेंजेस काय आणि ओम्बू काय, दोन्ही कोड लिहितात. अमुक मुलाचे आठ खाडे, ही कोडमधली गोष्ट नाही, इमेजच्या पोटातल्या एका ऑब्जेक्टची आहे. खिडकीत बटण दाबून भरलेलं कुठेच नोंदलं जात नाही. प्लेग्राउंडमध्ये (कोडच्या सुट्या ओळी चालवून बघायची खिडकी) टाइप करून चालवलेल्या ओळी मात्र एपिसियात असतात. सुरुवातीचे अकरा खाडे मी आळसाने तिथूनच भरले होते, ते अकरा मिळाले. बाकीचे शंभराच्या वर होते.

मावशी म्हणाली, "कॅलेंडर बघ की." स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी कालनिर्णय लटकतंय. दुधाचे खाडे जसे लिहितात तसंच प्रत्येक तारखेच्या चौकोनात बारीक पेन्सिलीने आडनावांची पहिली अक्षरं. मी सॉफ्टवेअर दिल्यापासून एक दिवसही तिने ते थांबवलेलं नव्हतं. मी वाचत गेलो, ती शेजारी बसून "ती 'कु' म्हणजे कुलकर्णी नाही, कुंभार" असं सांगत गेली. रात्री साडेअकराला संपलं.

त्यानंतर माझी पद्धत बदलली. पहिल्याच दिवशी करायला हवी होती, हे आता म्हणून उपयोग नाही. कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाची प्रत जपणाऱ्या साधनात. फारोत त्यासाठी आइसबर्ग आहे, टोनेल पद्धतीने प्रत्येक क्लासची वेगळी साधी मजकुराची फाइल होते. माहिती रोज रात्री स्टॉन या साध्या मजकुराच्या स्वरूपात एका फोल्डरमध्ये उतरते, तीसुद्धा वाचता येईल अशी. दर रविवारी मी इमेज सरळ फेकून देतो, नवी कोरी घेतो, त्यात कोड आणि माहिती भरतो. वीस मिनिटं जातात. पहिल्यांदा डिलीट दाबताना हात थरथरला होता, आता नाही. मोठा बदल करण्याआधी इमेजी सांभाळणाऱ्या फारो लाँचरमधून प्रत काढतो, तो एका क्लिकचा खेळ आहे. आणि यूपीएसला नवी बॅटरी.

पेनड्राइव्हवरून नुसती इमेज उचलून नेण्याची चूकही मी केली आहे. चेंजेस फाइल सोबत नसेल तर तुमच्या मेथडमधल्या कॉमेंट जातात आणि व्हेरिएबलांना यंत्राने ठेवलेली नावं येतात. स्वतःचाच कोड परक्याने लिहिल्यासारखा वाटतो.

तक्रारी आहेत. सगळ्यात मोठी मराठीची. देवनागरी मजकूर साठवायला अडचण नाही, पण पडद्यावर जोडाक्षरं फुटतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. मावशीला "खिचडी" दाखवली तर तिने चष्मा पुसला. शेवटी सगळी लेबलं रोमनमध्ये केली, आणि बिल एचटीएमएलमध्ये काढून ब्राउझरमधून छापतो, तिथे मराठी नीट येते. दुसरं, अडलं तर विचारायला माणूस नाही. आमच्या ऑफिसात स्मॉलटॉक म्हटलं की लोक हवापाण्याच्या गप्पा समजतात. तिसरं, आवृत्ती बदलली की काही पॅकेजं रुसतात. १३ आली आहे, मी अजून १२ वरच आहे.

घ्यावं का? एकट्याने काही घडवायचं असेल आणि नियम रोज बदलत असतील तर डोळे मिटून घ्या. चार जणांची टीम असेल, किंवा बॅकअप घेण्याचा कंटाळा असेल, तर नको.

मावशीचं कॅलेंडर चालूच आहे. महिनाअखेरीला आम्ही दोन्ही ताडून बघतो. जानेवारीत एका खाड्याचा फरक आला. मी म्हटलं, तू एखादी खूण विसरली असशील. ती म्हणाली, बघ तुझ्यातच. कोडच्या बदलांची नोंद उघडली. तीन दिवसांच्या नियमात "पेक्षा जास्त"चं "किंवा जास्त" झालं होतं. १४ तारखेला, रात्री पावणेबाराला, खाली माझंच नाव.