टारझनचा पोशाख: भाड्याचा आणि घरी केलेला, काही महिन्यांच्या वापरानंतर

भाड्याने आणलेल्या टारझनच्या पोशाखाचा कमरेचा बंद ऐन कार्यक्रमात तुटला, आणि तो परत करायला गेलो तेव्हा दुकानदाराने अनामत रकमेतून पाचशे रुपये कापून घेतले. कार्यक्रम कार्यालयातला होता, विषय ‘जंगल’ होता आणि पोशाखाचे एका रात्रीचे भाडेच आठशे रुपये होते. बंद शिवणीपाशी आधीच विरलेला होता, हे मी पोशाख उलटून दाखवले. त्यावर “तो तुमच्या अंगावर तुटला, आमच्या कपाटात नाही,” एवढेच उत्तर मिळाले. पावतीच्या मागे दुरुस्तीचा खर्च ग्राहकाचा असल्याची अट छापलेली होती, म्हणून मी वाद तिथेच थांबवला. मात्र एका रात्रीचे तेराशे रुपये जात असतील तर त्याच्या आसपासच्या पैशांत स्वतःच्या मालकीचा पोशाख होऊ शकतो का, हा हिशेब मी त्याच संध्याकाळी मांडला. तसा पोशाख झाला आणि त्यानंतर तो मित्राच्या चाळिशीच्या मेजवानीत, सोसायटीच्या गणेशोत्सवातील वेशभूषा कार्यक्रमात आणि वर्षअखेरीच्या पार्टीत वापरून झाला आहे, म्हणून हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

पोशाखात काय काय लागते हे सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे यादी देत नाही. मला ज्या एका गोष्टीबद्दल आग्रहाने सांगायचे आहे ती म्हणजे कमरेच्या वस्त्राची कड. भाड्याच्या पोशाखाला बिबट्याच्या ठिपक्यांचे नकली फर होते आणि त्याच्या खालच्या कडेला काळी नायलॉनची पायपीन, आत ओव्हरलॉकची, म्हणजे कापडाची कड सुटू नये म्हणून यंत्राने मारलेली पांढरी शिलाई. जंगलात वाढलेल्या माणसाच्या अंगावर शिलाई यंत्राची सरळ रेघ दिसली की पुढे विग कितीही चांगला असो, पाहणाऱ्याचा विश्वास बसत नाही. पायपीन काढून टाकावी तर नकली फरचे विणलेले अस्तर कडेने सुटू लागते आणि केस गळतात. त्या रात्री माझ्या ताटात आणि शेजारच्या सहकाऱ्याच्या काळ्या कोटावर ते गळतच होते. म्हणजे या कापडाला कड दुमडावीच लागते, आणि दुमडली की ते शिंप्याच्या दुकानातले दिसते. हा दोष पैसे वाढवून जात नाही. दुपटीने महाग फर मी हाताळून पाहिले आहे, त्याचेही अस्तर विणलेलेच असते.

ठिपक्यांबाबतही एक गोष्ट सांगितली पाहिजे. बाजारात ‘लेपर्ड’ म्हणून मिळणाऱ्या कापडावर पुष्कळदा भरीव सुटे ठिपके असतात, ते चित्त्याचे. किंवा वर्तुळांच्या आत आणखी बारीक ठिपके असतात, ते जग्वारचे, जो केवळ अमेरिका खंडात आढळतो. बिबट्याच्या अंगावर पोकळ, तुटक कडांची वर्तुळे असतात आणि त्यांच्या आत सहसा ठिपका नसतो. आफ्रिकेच्या जंगलातील नायकाने जग्वार पांघरावा, हे मला तरी पटत नाही. कुणाच्या घरी आजोबांच्या काळातले खरे कातडे पडून असेल तर ते वापरण्याचा विचारही करू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार बिबट्याला सर्वोच्च संरक्षण आहे आणि त्याचे कातडे विनापरवाना बाळगणे हा गुन्हा आहे.

मुळात ठिपके हवेतच असेही नाही. एडगर राइस बरोज यांची टारझनची पहिली कथा ऑक्टोबर 1912 मध्ये एका अमेरिकी मासिकात आली. तीत तो लहानपणी सिंहिणीचे किंवा बिबट्याचे कातडे अंगावर असावे अशी इच्छा धरतो, पण मोठेपणी त्याच्या अंगावर येतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: आईचे हिरेजडित लॉकेट, पाठीवर बाणांचा भाता, वडिलांचा शिकारी सुरा, आणि तो सुरा अडकवण्यासाठी कच्च्या चामड्याच्या बारीक पट्ट्यांचा स्वतः केलेला कमरपट्टा. दाढी तो त्याच सुऱ्याने करतो, त्यामुळे नकली दाढी लावण्याचे कारण नाही. पडद्यावर 1918 मध्ये एल्मो लिंकन यांनी एका खांद्यावरून घेतलेले कातडे नेसले. 1932 पासून जॉनी वाइसम्युलर यांनी केवळ कमरेचे साधे, बिनठिपक्यांचे चामडे वापरले, आणि ऑलिंपिकमध्ये पोहण्याची पाच सुवर्णपदके मिळवलेल्या त्या माणसाचे रूपच पुढे लोकांच्या डोळ्यांत राहिले. हे सर्व वाचून आणि जुनी छायाचित्रे मोठी करून पाहून मी फरचा नाद सोडला आणि चामड्याकडे वळलो.

चामडे म्हणून मी मोटारी पुसण्याचे शॅमी वापरले, आणि या निवडीबद्दल मला मनापासून समाधान आहे. खरे शॅमी हे मेंढीच्या कातड्याचा आतला थर माशाच्या तेलात कमावून करतात. ते पिवळसर, मऊ आणि दोन्ही बाजूंनी लव असलेले असते. मुख्य म्हणजे ते विणलेले नसते, त्याचे तंतू एकमेकांत गुंतलेले असतात, म्हणून कुठेही कापले तरी कड सुटत नाही. घेताना एक काळजी आवश्यक आहे. मोटारींच्या सामानाच्या दुकानात गोल डबीत ओले मिळते ते कृत्रिम शॅमी असते आणि ते वाळले की फळीसारखे ताठ होते. कमरेला बांधून त्यात बसताही येणार नाही. खरे शॅमी कोरडे, घडी घातलेले मिळते, त्याचा आकार चौकोनी नसून जनावराच्या कातड्यासारखा वेडावाकडा असतो आणि नाकाशी धरले तर तेलाचा वास येतो. असे दोन मोठे तुकडे मला साधारण नऊशे रुपयांना पडले.

कापण्याचे काम मी घरच्या कात्रीने केले नाही. आमच्या चौकात चपला शिवणारे काका आहेत, त्यांच्याकडे तुकडे घेऊन गेलो. त्यांनी ते उन्हासमोर धरले, कुठे पातळ आहे ते बोटांनी चाचपले आणि म्हणाले, “हिला शिवण मारू नका. कड मोकळी ठेवा, मी रापीनं ओढून देतो.” त्यांनी रापी, म्हणजे चामडे कापायचे धारदार हत्यार, तिरकी धरून कातडे थोडे ताणत कापले, त्यामुळे कड कुठे जाड, कुठे जवळजवळ पारदर्शक अशी उतरली, सरळ रेघ कुठेच नाही. मग आरीने, म्हणजे चामड्याच्या टोच्याने, भोके पाडून उरलेल्या तुकड्यांच्या बारीक वाद्या ओवून दिल्या. चाळीस रुपये मागितले, मी शंभर दिले. चाळिशीच्या मेजवानीत लोक जवळ येऊन हात लावून पाहत होते, “हे खरं आहे का?” असे विचारत होते, आणि हात प्रत्येक वेळी त्या कडेलाच जात होता.

रंगासाठी चहापूडचा कडक अर्क गार करून स्पंजाने लावला. गरम लावू नये, गरम पाण्याने हे कातडे आकसते. वाळल्यावर ते थोडे ताठ होते. दोन्ही हातांनी चोळले की पुन्हा मऊ होते.

इथपर्यंतचा अनुभव मी गणेशोत्सवापूर्वी लिहिला असता तर या पोशाखाला पूर्ण गुण दिले असते. उत्सवातील कार्यक्रम मंडपात होता, हवा दमट होती, घाम भरपूर आला, आणि घरी आल्यावर पाहिले तर कमरेच्या बाजूंना, जिथे वाद्या लोखंडी आयलेटमधून, म्हणजे भोकांना बसवलेल्या धातूच्या कड्यांमधून जातात, तिथे निळसर काळी वर्तुळे उमटली होती. चहात टॅनिन असते, लोखंड आणि ओलावा मिळाला की त्याचा काळा रंग होतो. जुन्या काळी शाई याच तत्त्वावर करत. लिंबाचा रस लावून डाग फिकट झाले, गेले नाहीत. ते आयलेट मी पुण्यात बोहरी आळीतल्या एका दुकानातून घेतले होते आणि विक्रेत्याने ते पितळी म्हणून दिले होते. चुंबक लावून पाहिला तेव्हा तो घट्ट चिकटला. पितळी मुलामा दिलेल्या लोखंडाला पितळ म्हणून विकणे मला अजिबात मान्य नाही, आणि बदलून मागितल्यावर “वापरलेला माल परत होत नाही” हे ऐकावे लागले, याचा राग अजून गेलेला नाही. पाच-दहा रुपयांची वस्तू नऊशे रुपयांच्या चामड्यावर कायमचा डाग पाडते. खरेदीला जाताना खिशात छोटा चुंबक न्यावा, एवढे प्रत्येकाला सांगावेसे वाटते. आता मी धातू पूर्ण काढून टाकला आहे. वादी थेट चामड्याच्या भोकातून जाते आणि भोकामागे चामड्याचीच गोल टिकली रबर सोल्युशनने चिकटवली आहे. असे केल्याने पोशाख मूळ वर्णनाच्या अधिक जवळ गेला.

दुसरी अडचण अशी की ओले झाल्यावर हे चामडे ताणले जाते आणि रात्र सरता सरता वस्त्र खाली घसरू लागते. त्यावर उपाय म्हणून कमरेच्या आतल्या बाजूने नवारीची पट्टी मेणदोऱ्याने टाके घालून बसवली. टाके चामड्याच्या निम्म्या जाडीतूनच घेतले, म्हणजे बाहेर दिसत नाहीत. आत तपकिरी सायकलिंग शॉर्ट घालावी, हे कुटुंबीयांसमोर वावरताना अनिवार्य आहे, आणि तिचा पाय वस्त्राच्या सर्वांत आखूड टोकापेक्षा चार बोटे तरी वर असावा.

विगबद्दलचे माझे मत बदलले आहे. पूर्वी मला तो पोशाखाचा प्राण वाटत असे, म्हणून तुळशीबागेतून खांद्यापर्यंतचा कृत्रिम विग आणला, त्याची चमक टाल्कम पावडर चोळून मारली, गुंता कपड्यांच्या कंडिशनरच्या पाण्यात भिजवून सोडवला. मंडपातल्या उकाड्यात तो अर्ध्या तासात काढावा लागला आणि तरीही कुणाला काही उणे वाटले नाही. वर्षअखेरीला स्वतःचेच वाढवलेले केस खोबरेल लावून मागे वळवले, ते विगपेक्षा चांगले दिसले.

अंगावरच्या मातीसाठी मुलतानी माती आणि थोडा गेरू पाण्यात कालवून लावला. वाळून तडे जातात तेव्हा खरी माती वाटते. तेलात कालवल्यास ती सोफ्याला लागते आणि यजमानांची गैरसोय होते. सुरा सनबोर्डाचा, म्हणजे हलक्या फोमच्या पुठ्ठ्याचा केला, कारण सभागृहाच्या दारावर सुरक्षारक्षक धातूची वस्तू आत नेऊ देत नाहीत. दोर काथ्याचा घेतल्यास खांदा सोलवटतो; सुतळीच्या तीन पेडांची वेणी चहात बुडवून घेतली, ती हलकी आणि मऊ राहिली. पायांत काही घालू नये असे मला वाटते, पण पार्टीच्या फरशीवर काच फुटलेली असू शकते, म्हणून कातडी रंगाच्या मोज्यांना खालून पातळ रबरी तळ चिकटवला आहे.

सगळा खर्च विग धरून अठराशे रुपयांच्या थोडा वर गेला; विग वगळला तर तेराशेच्या आतच राहतो. ज्याला एकदाच आणि दुरून दिसण्यापुरता पोशाख हवा आहे त्याने भाड्याने घ्यावा, मात्र घेताना बंद, नाड्या आणि वेल्क्रो दुकानातच ओढून पाहावे, दोष असल्यास पावतीवर लिहून घ्यावा आणि मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवावे.

पावसाळ्यात या चामड्याला बुरशी धरते, विशेषतः घामाने भिजलेले तसेच ठेवले तर. डिटर्जंटने ते धुऊ नये, त्यातले तेल निघून जाते आणि ते कडक होते; कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन, पिळून न काढता टॉवेलमध्ये दाबून, सावलीत वाळवावे आणि अर्धवट ओले असतानाच चोळून मऊ करावे. प्लॅस्टिकच्या पिशवीऐवजी मी ते जुन्या सुती धोतरात गुंडाळून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवतो. मधूनमधून उघडून पाहतो तेव्हा रापीने कापलेली कड अजून जशीच्या तशी आहे, एकही तंतू सुटलेला नाही.