पुलडोरन की स्कावेग?
स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर छोट्या शिडाच्या नौकेतून फिरणाऱ्या जोडप्यासाठी नांगर टाकून रात्र काढण्याच्या या दोन मुक्कामांत मोठा फरक आहे. ओबानच्या दक्षिणेचे पुलडोरन बेटांच्या आडोशाला असल्याने तेथे निर्धास्त झोप लागते आणि टेकडी ओलांडली की १८व्या शतकातील क्लॅकन पुलाजवळची खाणावळ गाठता येते. उन्हाळ्यात मात्र एकांत विसरावा. स्काय बेटावरील लॉख स्कावेग या खाडीत क्युलिन डोंगररांगेचे काळे कातळ थेट पाण्यात उतरतात, खडकांवर सील पहुडलेले असतात आणि कोरुइस्क सरोवर चार पावलांवर आहे. पण त्याच कड्यांवरून अवचित कोसळणारे वारे नांगर उखडू शकतात, आणि अंधारात तो पुन्हा टाकायचा तर एकाला सुकाणूवर व दुसऱ्याला नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावर, उभे राहावेच लागते. हवामान स्थिर असेल, तरच स्कावेग निवडावे.