‘सगळी विमानं’ असलेलं तयार खातं घेऊ नका, माझे ८३ डॉलर गेले

आयएल-२ स्टर्मोविक हा दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचा संगणक-गेम खेळणाऱ्यांनो, ‘सगळे भाग, सगळी विमानं, तयार खातं’ अशी जाहिरात दिसली की तिथूनच मागे फिरा. ६४ डॉलर खात्याचे गेले आणि १९ ‘ई-मेल बदलण्याची फी’ म्हणून. दुसऱ्यांदा कशाला दिले, असं विचारू नका. ६४ अडकले की माणूस १९ देतोच.

मी नवखा नाही. २००१ च्या पहिल्या गेमपासून ही मालिका खेळतोय, त्यातला ‘१९४६’ हा जुना गेम अजून संगणकावर आहे. पण मालिकेच्या नव्या ‘ग्रेट बॅटल्स’मध्ये स्टालिनग्राड, मॉस्को, कुबान, बोडेनप्लाटे, नॉर्मंडी असे एकेका लढाईचे भाग, प्रत्येकाचे पैसे वेगळे. वर सुटी विकली जाणारी कलेक्टर विमानं निराळी. सगळं एकरकमी स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर कुणालाही मोह होईल. (अधिकृत सूट वर्षातून अनेकदा लागते. थांबा तेवढं.)

आता ज्याने डोकं फिरतं ते. विकणाऱ्याच्या यादीत स्टालिनग्राडच्या संचात मेसरश्मिट मी-२६२ हे जर्मन जेट होतं! स्टालिनग्राडची लढाई फेब्रुवारी १९४३ मध्ये संपली, हे जेट लढायला उतरलं १९४४ मध्ये. गेममध्ये ते बोडेनप्लाटेबरोबर मिळतं. स्टालिनग्राडची, महागड्या प्रीमियम आवृत्तीतली जादा धरून, १० विमानं मला झोपेत विचारा. मी त्याला टोकलंसुद्धा. “अपडेटमध्ये आलं,” म्हणाला. आणि मला पटलं, कारण सगळे भाग एकाच इन्स्टॉलेशनमध्ये असतात, विकत घेतलेलं जेट स्टालिनग्राडच्या नकाशावरही उडवता येतं. वाटलं, यादी घाईत लिहिली असेल. अहो, ज्याने आयुष्यात एकदाही टेकऑफ केला नाही तोच अशी यादी लिहितो!

पासवर्ड चालला, विमानं दिसली, मग एका सकाळी लॉगिन बंद. फी घेऊनही मूळ ई-मेल त्याच्याच हातात होता. त्यावरून त्याने खातं परत ओढलं.

गेमच्या दुकानाच्या मदतकक्षाचं उत्तर: खातं विकणं नियमाबाहेर, म्हणून तुम्ही मालक नाही. बरं, मी नाही. मग ज्याने विकलं तो कसा काय अजून मालक? यावर गप्प. पेमेंट कंपनी म्हणते, पैसे ‘मित्र-नातेवाईक’ म्हणून पाठवलेत, त्याला खरेदीचं संरक्षण नाही. (विकणारा तसेच पाठवायला सांगत असेल तर तिथेच बोलणं बंद करा.) सायबर तक्रार घेणाऱ्या साहेबांनी आधी “गेमसाठी?” असं विचारलं, मग हसले, मग म्हणाले रक्कम लहान आहे. माझी आहे ना पण! पावत्या, चॅट, स्क्रीनशॉट सगळं नेलं होतं, कुणी उघडूनही पाहिलं नाही. जाहिरातीच्या साइटला कळवलं तर ‘नियमभंग आढळला नाही’. जाहिरात अजून चालू आहे. आता तर त्याने ते जेट १९४१ च्या मॉस्कोच्या संचातही घातलंय.

कुणी ‘खात्री’ म्हणून पहिल्या खरेदीची पावती दाखवत असेल तरी घेऊ नका. तीच पावती मदतकक्षाला दाखवून तो खातं परत मागणार आहे.