प्राथमिक आरोग्यसेवा कोणत्या मोजपट्टीने मोजावी?

नागपूर जिल्ह्यातली प्राथमिक आरोग्यसेवा इतर देशांच्या तुलनेत कुठे उभी आहे हे पाहायचे असेल, तर आकडे गोळा करण्याआधी मोजपट्टी निवडावी लागते. सामाजिक वैद्यकशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी असो वा खेड्यापाड्यांत काम करणारी संस्था, हा निर्णय कुणालाच टळत नाही आणि तो किरकोळही नाही. बेल्जियमचेच पाहा. अमेरिकी आरोग्यसंशोधक बार्बरा स्टारफील्ड यांनी केलेल्या प्राथमिक सेवेच्या तुलनेत हा देश अमेरिका, फ्रान्स आणि जर्मनीसोबत तळाच्या गटात होता. नंतर युरोपातल्या ३१ देशांच्या पाहणीत तोच देश बळकट गटात बसला. मध्ये काही वर्षे गेली हे खरे, पण दोन्ही वेळा विचारलेले प्रश्नही वेगळे होते.

स्टारफील्ड यांची पद्धत सर्वांत सुटसुटीत आहे. डॉक्टर गरजेप्रमाणे विखुरलेले आहेत का, रुग्णाला खिशातून किती द्यावे लागते, तज्ज्ञाकडे जाण्याआधी कुटुंबाच्या डॉक्टरची चिठ्ठी लागते का, अशा प्रत्येक बाबीला ० ते २ गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. धोरणाचे कागद हाताशी असले की एकट्या माणसालाही हे जमते. याच वाटेने २००३ साली मॅकिन्को, स्टारफील्ड आणि शी या संशोधकांनी १८ श्रीमंत देशांची १९७० ते १९९८ या काळातली आकडेवारी तपासली, तेव्हा प्राथमिक सेवा जिथे बळकट तिथे अकाली मृत्यू कमी, असे दिसले. आपल्याकडे मात्र ही पद्धत अडते. रामटेक-काटोलचाच काय, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा-बालाघाटचा रुग्णही थेट नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या मोठ्या सरकारी रुग्णालयांत येऊन केस पेपर काढतो, कोणी चिठ्ठी मागत नाही. त्या बाबीत आपल्याला सरसकट शून्य मिळते, आणि ते शून्य चांगल्या तालुक्याला आणि मागे पडलेल्या तालुक्याला सारखेच लागू होते.

२००९-१० च्या सुमारास झालेली ती युरोपीय पाहणी फार खोलात जाते. रचना, प्रत्यक्ष सेवा आणि परिणाम यांसाठी तिच्यात अनेक निर्देशक, म्हणजे मोजायच्या बाबी, आहेत. तिच्या निष्कर्षांपैकी एक इथल्या प्रत्येक नियोजनकर्त्याने वाचावा असा आहे: बळकट प्राथमिक सेवा असलेल्या देशांत टाळता येण्याजोगे रुग्णालय-प्रवेश कमी होते आणि आरोग्यातली विषमताही तुलनेने कमी होती, पण एकूण आरोग्यखर्च जास्त होता. पैसे वाचतील एवढ्याच आशेवर जो ही सेवा मागेल, त्याची निराशा होऊ शकते. ती मागावी माणसांसाठी. हे निर्देशक भरायला देशभर नीट ठेवलेल्या नोंदी लागतात. आपल्याकडे बाह्यरुग्णांचा मोठा हिस्सा खासगी दवाखान्यांत जातो आणि तिथल्या नोंदी एकत्र कुठेच येत नाहीत, त्यामुळे तक्त्यातले बरेच रकाने रिकामे राहतील.

जागतिक आरोग्य संघटना, जागतिक बँक आणि गेट्स फाउंडेशन यांनी २०१५ मध्ये सुरू केलेला उपक्रम निधी, क्षमता, कामगिरी आणि समता या चार अंगांनी अख्ख्या देशाचे चित्र एका पानावर मांडत असे. मंत्रालयासाठी ते उपयोगी होते, पण तालुक्यासाठी फार ढोबळ होते.

उरते रुग्णालाच विचारण्याची पद्धत, आणि माझा कौल तिलाच आहे. एका मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत मी एका आजींच्या शेजारी बसलो होतो. त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत चार ठिकाणचे केस पेपर होते आणि रक्तदाबाच्या तीन वेगवेगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. यातली कोणती चालू आणि कोणती बंद, हे आजींना ठाऊक नव्हते आणि एकाही कागदावर लिहिलेले नव्हते. गावाजवळ केंद्र आहे, डॉक्टरचे पद भरलेले आहे, म्हणजे रचनेच्या तक्त्यात सगळे ठीकच दिसणार. सातत्य आणि समन्वय तुटल्याचे सांगत होती ती पिशवी.

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात तयार झालेली प्राथमिक सेवा मूल्यमापन प्रश्नावली नेमके हेच विचारते. युरोपातल्या आणि बाहेरच्या मिळून ३४ देशांत प्राथमिक सेवेचा दर्जा आणि खर्च पाहणाऱ्या क्वालिकॉपिक पाहणीत डॉक्टर आणि त्यांचेच रुग्ण अशा दोघांना विचारले गेले. सुमारे ७ हजार डॉक्टर आणि ६० हजारांहून अधिक रुग्ण तिच्यात होते. डॉक्टर काय म्हणतो आणि रुग्णाला काय मिळते, हे तिथे शेजारी ठेवून पाहता येते.

तरीही हॉपकिन्सची प्रश्नावली जशीच्या तशी मराठीत आणू नये. तिची सुरुवात आपण नेहमी कोणाकडे जाता, आपल्याला सर्वांत चांगले कोण ओळखते, अशा प्रश्नांनी होते आणि उत्तर डॉक्टर किंवा दवाखाना असेल असे ती धरून चालते. पारशिवनीकडच्या एखाद्या गावात उत्तर ‘आशाताई’ किंवा ‘मेडिकल स्टोअरवाले भाऊ’ असे येऊ शकते. त्यासाठी रकाना आधीच ठेवावा. जोडीला रचनेची एकच तपासणी पुरे: मैदानी भागात ३० हजार आणि आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हा निकष आपल्या तालुक्यात पाळला जातो का. मुलाखती मात्र केंद्राच्या व्हरांड्यात न घेता रुग्णाच्या घरी घ्याव्यात, कारण सिस्टरसमोर उभा असलेला माणूस सगळे चांगलेच आहे असे सांगतो.