रिसेल फ्लॅट, तीन एजंट आणि सात महिन्यांनंतरचा हिशोब

मे २०२५ मध्ये पुण्यात कर्वेनगरला राहायला आलो, आता सात महिने झालेत म्हणून लिहायला बसलेय. चावी हातात आली त्या दिवशी लिहिलं असतं तर एजंटला पाचपैकी पाच दिले असते, कारण त्या दिवशी माणूस लिफ्टवाल्यालाही पेढा देतो. एजंट कसा होता ते पहिल्या पावसात कळतं.

आमचं थोडक्यात सांगते. वाकडला भाड्याने होतो, २०२४ च्या दिवाळीनंतर शोधायला लागलो, बजेट सत्तर-बाहत्तर लाख, टू बीएचके, रिसेलच, आणि मुलीची शाळा नि सासूबाईंचे डॉक्टर दोन्ही कोथरूड साईडला म्हणून कर्वेनगर, वारजे, फार तर सिंहगड रोड. अडीच-तीन महिन्यांत तीन एजंट झाले.

पहिला पोर्टलवरचा. एका फ्लॅटच्या फोटोखाली नंबर टाकला आणि अर्ध्या तासात अकरा फोन आले, त्यातला जो सगळ्यात गोड बोलला तो आम्ही धरला. गाडी घेऊन न्यायला यायचा, मॅडम-सर, पाण्याची बाटली, सगळं एकदम व्यवस्थित. बजेट बाहत्तर सांगितलं तर पंचाऐंशीचे दाखवायचा आणि वर म्हणायचा 'बघून तर ठेवा, लोन वाढवून मिळतं'. एकदा सिंहगड रोडला नदीच्या बाजूचा पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट दाखवला, म्हणे रिव्हर व्ह्यू आहे, या किमतीत परत मिळणार नाही. आता जुलै २०२४ मध्ये खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर एकतानगरी साईडला घराघरात पाणी शिरलं होतं, बोटी फिरत होत्या, ते सगळ्या पुण्याने टीव्हीवर पाहिलेलं, आणि हा माणूस चार-पाच महिन्यांत तिथून जवळच व्ह्यू विकत होता. मी खाली वॉचमनला सहज विचारलं तर त्याने पार्किंगच्या खांबावर कमरेच्या वर हात ठेवून दाखवलं, इथपर्यंत होतं. एजंटला विचारलं की ही बिल्डिंग पूररेषेत येते का, तर म्हणाला 'तसं काही नसतं हो'. रस्ता, शाळा, मॉल सगळ्याचं अंतर मिनिटांत पाठ होतं, हे एक सोडून.

याचा कडेलोट टोकनवरून झाला. वारज्याचा एक फ्लॅट आवडला, तर त्याच संध्याकाळी फोन, की दुसरी पार्टी चेकबुक घेऊन बसलीय, एक्कावन्न हजार लगेच माझ्या नंबरवर जीपे करा. मालकाला नाही, याला. म्हटलं मालकाच्या खात्यात चेक देते आणि टोकन मिळाल्याची दोन ओळींची विसार पावती दे, तर म्हणाला मॅडम असं कोणी करत नाही. मग आम्हीही केलं नाही. ती दुसरी पार्टी बहुतेक अजून चेकबुक घेऊनच बसली असेल, कारण फ्लॅट मार्चपर्यंत पोर्टलवर दिसत होता.

दुसरा ओळखीतला, नवऱ्याच्या ऑफिसमधल्या मित्राचा साडू. माणूस खरंच सरळ, एक रुपया ॲडव्हान्स मागितला नाही, पण नोकरी सांभाळून साईडला करायचा आणि कागदाचं काहीच कळत नव्हतं. प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर, 'सगळं क्लिअर आहे'. एक फ्लॅट इतका छान होता, हवा, उजेड, समोर गुलमोहर, आम्ही बँकेत फाईल टाकून मोकळे झालो आणि बँकेच्या वकिलाने फाईल परत पाठवली कारण बिल्डिंगला भोगवटा प्रमाणपत्रच नाही. लोक बारा वर्षं राहतायत, लाईट आहे, नळ आहे, पण बिल्डिंग राहायला योग्य आहे असा महापालिकेचा तो कागद नाही. साडूंना विचारलं तर ते मलाच म्हणाले 'ते काय असतं?' प्रोसेसिंग आणि लीगलचे मिळून आठ हजार गेले आणि ओळखीतला असल्यामुळे भांडताही आलं नाही, उलट संक्रांतीला त्यांच्याकडे हळदीकुंकवाला जाऊन आले.

तिसरे काका. आम्ही काकाच म्हणायचो, वय साठीच्या पुढे, झेरॉक्सच्या दुकानाशेजारी एक टेबल आणि तीन खुर्च्यांचं ऑफिस. पहिल्या दिवशी मला अजिबात आवडले नाहीत हे खरं सांगते. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवत नाहीत, दुपारी एक ते चार फोन उचलत नाहीत (पुणे!), आणि फ्लॅट दाखवायच्या आधी वीस मिनिटं आमचीच उलटतपासणी. कर्ज सँक्शन आहे का, किती, हातात रोख किती, घरात गुडघे दुखणारं कोणी आहे का, गाड्या किती, तुम्ही राहणार की भाड्याने देणार. नवरा बाहेर आल्यावर म्हणाला हे एजंट आहेत की सीआयडी. मी मध्येच बाणेरचं विचारून बघितलं तर म्हणाले, 'तिकडे मला पाणी किती वाजता येतं तेसुद्धा माहीत नाही, मी तुम्हाला काय दाखवू?'

भिंतीवर महारेराचं, म्हणजे बांधकाम प्रोजेक्ट आणि एजंट नोंदवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचं, सर्टिफिकेट होतं, घरी येऊन साईटवर नंबर टाकून बघितला, निघाला. याबद्दल एक गैरसमज मला पण होता. नव्या, महारेरात नोंदलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट विकायचा तर एजंटला हा नंबर असावाच लागतो, पण आमच्यासारख्या जुन्या सोसायटीतल्या रिसेलला कायदा तसा आग्रह धरत नाही, त्यामुळे नंबर नाही म्हणजे लगेच चोर असं नाही आणि नंबर आहे म्हणजे देवमाणूस असंही नाही. पण हल्ली त्यासाठी ट्रेनिंग घेऊन परीक्षा पास व्हावी लागते आणि काकांनी ती या वयात दिलीय, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं. माझ्या मते धंदा सिरियसली घेणारा माणूस एवढं करतो, इतकाच त्या नंबरचा अर्थ.

काकांनी एकूण पाचच फ्लॅट दाखवले. दोन ठिकाणी स्वतःच म्हणाले घेऊ नका, एकाचं कारण लिफ्ट आणि सासूबाई, दुसऱ्याचं कारण सोसायटीत दोन गट आणि कोर्टात केस. चौथा आम्ही घेतला. पोर्टलवर तो १०५० स्क्वेअर फूट लिहिलेला होता, काकांनी खिशातून टेप काढून नवऱ्याला एक टोक धरायला लावलं आणि आतला कार्पेट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची जागा, निघाला ६४० च्या आसपास. बाकीचे चारशे म्हणजे भिंती, जिना, लॉबी आणि मालकाचं प्रेम. मग भाव कार्पेटवरच बोलायचा असं त्यांनी ठरवून टाकलं. हॉलची एकच भिंत नवीन रंगवलेली होती, तिथे मला हात लावायला सांगितला, म्हणाले 'आता मार्च आलाय, कोरडीच लागणार, पण लक्षात ठेवा.' ते पुढे येतंच.

कागदांचं लिहिते कारण माझ्या मते ब्रोकरेज तिथेच वसूल होतं, फ्लॅट काय पोर्टलवर पण दिसतात. फ्लॅट विकणाऱ्या आजोबांच्या आणि त्यांच्या मुलाच्या नावावर, मुलगा न्यू जर्सीला. काकांनी टोकनच्या आधीच सांगितलं की मुलगा एनआरआय आहे, त्याच्या हिश्शाला आपला नेहमीचा एक टक्का टीडीएस (किमतीतून कापून सरकारला भरायचा कर) चालणार नाही, बराच जास्त कापावा लागतो आणि चुकलं तर विभाग तुम्हाला धरेल, त्याला नाही, त्यामुळे आधी सीए गाठा. तिकडून आलेली पॉवर ऑफ ॲटर्नी, म्हणजे त्याच्या वतीने सही करायचा अधिकार, इथे रीतसर स्टॅम्प केलेली आहे का तेही बघायला लावलं. या सगळ्यात मार्च संपत आला आणि मी वैतागले होते, कारण तोपर्यंत तो पहिला गोड आवाज परत फोन करायला लागला होता की १ एप्रिलपासून रेडीरेकनर (सरकारने ठरवलेला जागेचा दर) वाढतोय, ३१ मार्चच्या आत करा नाहीतर नुकसान. घाबरून काकांकडे गेले तर त्यांनी कागदावर दोन आकडे लिहून दाखवले. स्टॅम्प ड्युटी लागते ती रेडीरेकनरची किंमत आणि आपली करारातली किंमत यात जी जास्त असेल तिच्यावर, आपली बाहत्तर लाख, रेडीरेकनर वाढून पण त्याच्या खालीच राहतोय, मग कशाला रजिस्ट्रारकडे त्या गर्दीत उभं राहायचं. रेडीरेकनर वाढला तो वाढलाच १ एप्रिलला, आम्ही दुसऱ्या आठवड्यात निवांत रजिस्ट्रेशन केलं, सर्व्हर चालू होता हेच विशेष.

अजून एक. आम्ही फ्लॅट दोघांच्या नावावर घेणार होतो. काकांनी विचारलं का? महिला एकटीच खरेदीदार असेल तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सूट आहे, नवऱ्याचं नाव टाकलं की ती जाते, आणि कर्जात तो सहकर्जदार राहू शकतो, मालकीत नसला तरी. पुण्यात सात टक्क्यांऐवजी सहा, म्हणजे ५,०४,००० ऐवजी ४,३२,०००. वाचले ७२,०००, आणि काकांचं एक टक्का ब्रोकरेज किती, तर ७२,०००. सासूबाई आठवडाभर 'मालकीणबाई चहा टाका' म्हणत होत्या, पण हरकत नाही.

ब्रोकरेज किती नि कधी ते त्यांनी पहिल्याच दिवशी कागदावर लिहून दिलं होतं, अर्धं रजिस्ट्रेशनला, अर्धं चावी आणि सोसायटीची ट्रान्सफर झाल्यावर. आमच्याकडे कोणी हे विचारत नाही, लाज वाटते, पण विचारा. कारण ट्रान्सफर सप्टेंबरपर्यंत लोंबकळली. कमिटीने बिल्डिंग फंड म्हणून एक लाख 'स्वखुशीने' मागितले. सरकारी परिपत्रकाप्रमाणे ट्रान्सफर फी पंचवीस हजारांच्या वर घेता येत नाही हे मला माहीत नव्हतं, काका त्याची झेरॉक्स घेऊन मीटिंगला आले (झेरॉक्सचं दुकान शेजारीच), आवाज न चढवता बसून राहिले आणि पंचवीसच भरले. त्यांचे छत्तीस हजार तेव्हा अडकलेले होते म्हणून आले असं नवरा म्हणतो. असेलही. मग ते पैसे अडकवून ठेवलेले बरेच नाही का.

त्याआधी जुलैमध्ये भिंत ओली झाली तेव्हाही आले होते. तीच नवीन रंगवलेली भिंत, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी. वरचे म्हणाले सोसायटी करेल, सोसायटी म्हणाली तुम्ही दोघं बघा. काकांनी वरच्यांना सोसायटीचे उपविधी, म्हणजे नियम, दाखवले की बाथरूमची आतली गळती ज्याच्या घरातून होते त्याने करायची असते, आणि मग त्यांच्या ओळखीचा प्लंबर पण दिला. गळती थांबायला तीन आठवडे गेले आणि माझा एक गालिचा गेला, तो कोणी भरून दिला नाही.

आता तक्रारी. एक, समोर गणपती मंडळ आहे. काका म्हणाले होते 'वातावरण छान असतं'. दहा दिवस मुलीला मावशीकडे पाठवली. हे त्यांना नक्की माहीत होतं, पाणी किती वाजता येतं ते सांगणाऱ्या माणसाला स्पीकर कुठे लागतो ते माहीत नसणार? दोन, पार्किंग. मालक म्हणत होते त्यांचं स्वतःचं आहे, प्रत्यक्षात सोसायटीने दिलेली जागा आहे आणि जोराचा पाऊस झाला की तिथे घोटाभर पाणी साचतं. काकांनी जागा दाखवली होती, पाण्याचं बोलले नाहीत.

तिसरी मोठी आहे. काका आजोबांकडूनही एक टक्का घेत होते. लपवलं नव्हतं, पण त्याचा अर्थ मला तेव्हा नीट समजला नाही. मालक शहात्तर म्हणत होते, आम्ही सत्तर, काकांनी बाहत्तरला दोघांना बसवलं आणि आम्ही खूश. ऑगस्टमध्ये एका रात्री झोप येत नव्हती म्हणून नोंदणी विभागाच्या साईटवर ई-सर्च करत बसले, तिथे इंडेक्स टू, म्हणजे किमतीसकट व्यवहाराचा नोंदणी-उतारा, कोणालाही बघता येतो, तर आमच्याच बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा तेवढाच फ्लॅट आधीच्या दिवाळीत साडेएकोणसत्तरला गेलेला. सकाळी काकांना फोन केला. म्हणाले 'त्याला पार्किंग नव्हतं, आणि ती अडलेली पार्टी होती.' पार्किंग नव्हतं हे खरं निघालं, मी सेक्रेटरींना विचारलं. अडलेली पार्टी होती का ते देव जाणे. पण हे त्यांना तेव्हा माहीत होतं आणि त्यांनी सांगितलं नाही, आणि दोन्ही बाजूंनी पैसे घेणारा माणूस ते सांगणारही नाही, कितीही चांगला असला तरी. भाव बोलायच्या आधी तासभर बसून ते मी स्वतः बघायला हवं होतं, फुकट आहे.

म्हणून काकांना पाचपैकी चार. अर्धा त्या साडेएकोणसत्तरसाठी कापला, अर्धा गणपतीच्या स्पीकरसाठी.

सध्या नणंद डोंबिवलीला घर बघतेय. काकांना म्हटलं तुम्ही एकदा येऊन बघाल का, गाडीभाडं देते, वर तुमची फी काय असेल ती. मला वाटलंच होतं तेच झालं, 'तिथलं पाणी कधी येतं मला माहीत नाही' म्हणाले आणि एक वाजत आला होता म्हणून फोन ठेवला. डोंबिवली पूर्वेला असं पाण्याची वेळ माहीत असणारं कोणी असेल तर सांगा.