गोठ्यावर येऊन गाई-म्हशींची वंध्यत्व तपासणी, कोरेगाव-रहिमतपूर भाग : पाचपैकी चार स्टार

गाय सारखी उलटत असेल, म्हणजे भरूनही गाभण न राहता परत माजावर येत असेल, तर ह्या डॉक्टरांना एकदा बोलवाच. पोर्टेबल सोनोग्राफी मशीन घेऊन गोठ्यावर येतात, आणि मला आवडलं ते हे की आल्या आल्या कांडी (कृत्रिम रेतनाची) भरायला काढत नाहीत. आमच्याकडं सवयच पडलीय, माज दिसला की फोन, भरली, २१ दिवसांनी परत माजावर आली की परत फोन परत कांडी, दरवेळी पैसे द्यायचे आणि गर्भपिशवीत पू झालाय का हे कोण बघतच नाही.

आमच्या एचएफ (होल्स्टीन) गाईचा व्याल्यावर जार (वार) अडकलेला, एकानं हात घालून ओढून काढला आणि तिथनंच सगळं बिघडलं. माज टायमावर दाखवायची पण सोट (माजातला चिकट स्राव) काचेसारखा स्वच्छ पाहिजे त्यात पांढऱ्या गुठळ्या. ह्या डॉक्टरांनी सोट नळीत घेतला, कॉस्टिक सोड्याचं पाणी टाकून गरम केला, पिवळा झाला म्हणजे इन्फेक्शन. हा माज सोडून द्या म्हणाले, सरळ. सोटाचा नमुना लॅबला देऊन कुठलं अँटिबायोटिक लागू पडतंय ते बघितलं, मगच पिशवीत औषध सोडलं, आणि दूध कधीपर्यंत डेअरीला घालायचं नाही ते न विचारता सांगितलं (हे पाळतं कोण ते सोडा). पुढचा माज स्वच्छ आला तरी थांबवलं, त्याच्या पुढच्याला भरली, महिन्याभरानं सोनोग्राफीत गाभण.

शेजारच्यांच्या म्हशीचं तर वेगळंच. म्हैस मुका माज करते, म्हणजे माजाची लक्षणं दिसतच नाहीत, त्यात उन्हाळा, त्यामुळं माजावरच येत नाही म्हणून ते इंजेक्शन मागत होते. डॉक्टर म्हणाले आधी मशीन लावू, तर म्हैस गाभणच निघाली! ते माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिनचं इंजेक्शन दिलं असतं तर गाभच पडला असता.

गाभडलेल्या (गाभ पडलेल्या) जनावराला मात्र हातमोजे घातल्याशिवाय कुणाला हात लावू देत नाहीत, ब्रुसेला (गाभ पाडणारा संसर्गजन्य रोग) माणसालाबी होतो म्हणून. कालवडींना ४ ते ८ महिन्यांच्या वयातच त्याची लस घ्या असं प्रत्येक गोठ्यावर सांगतात.

आता एक स्टार का कापला. चार्ज किती ते आधी कळत नाही, काम झाल्यावर आकडा सांगतात. दिलेलं औषध कागदावर लिहून देत नाहीत, मागावं लागतं, उद्या दुसरा डॉक्टर आला तर त्याला काय सांगायचं? आणि स्वतःकडचंच मिनरल मिक्श्चर गळ्यात मारायला बघतात, आम्ही रोज ५० ग्रॅम घालतोच की, कुठनं घ्यायचं ते आमचं आम्ही बघू.

पिशवी फारच बिघडलेली असली तर उगाच घोळ न घालता शिरवळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला न्या म्हणून सांगतात, तेवढा प्रामाणिकपणा आहे. फोन सकाळी सातच्या आत करा, नंतर उचलत नाहीत.