टीएलए प्लस: काही महिने वापरल्यावर

बसच्या तिकिटांचं आरक्षण करणाऱ्या आमच्या सिस्टिमसाठी गेले काही महिने मी टीएलए प्लस वापरतो आहे. ही प्रोग्रामिंगची भाषा नाही. सिस्टिमने काय करावं आणि काय कधीच होऊ देऊ नये, हे गणितात लिहायची ही भाषा लेस्ली लॅम्पोर्ट यांनी घडवली. संगणकशास्त्रातला २०१३ चा ट्युरिंग पुरस्कार मिळालेले हेच लॅम्पोर्ट. गणित म्हटल्यावर पुष्कळ जण मागे सरतात, पण नववीच्या पुस्तकातले संच आणि 'आणि', 'किंवा', 'जर-तर' एवढ्या भांडवलावर बराच पल्ला गाठता येतो. असं लिहिलेलं वर्णन म्हणजे स्पेक. तो लिहून झाला की सिस्टिमचं एक छोटं रूप, म्हणजे मॉडेल, घ्यायचं आणि टीएलसी हा मॉडेल चेकर त्यातली शक्य ती प्रत्येक स्थिती तपासतो.

मी इकडे वळलो तो अ‍ॅमेझॉनच्या इंजिनिअरांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या लेखामुळे. डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसमधली एक चूक दिसायला घटनांच्या ३५ पायऱ्या एका ठरावीक क्रमाने घडाव्या लागत होत्या. डिझाइनची छाननी, कोडची छाननी, टेस्टिंग, सगळ्यांतून ती निसटली आणि टीएलसीला सापडली.

आमचं प्रकरण त्यामानाने लहान. प्रवासी सीट काही मिनिटांसाठी अडवून ठेवतो, पैसे भरतो, सीट पक्की होते. वेळ संपली की एक वेगळी प्रक्रिया ती सीट मोकळी करते. पैसे मिळाल्याचा निरोप उशिरा येऊ शकतो, दोनदाही येऊ शकतो. अट एकच लिहिली: एक सीट दोन प्रवाशांना कधीच पक्की होता कामा नये. दोन सीट, तीन प्रवासी एवढंच मॉडेल, आणि टीएलसीने ती अट मोडून दाखवली. मोकळी करणारी प्रक्रिया 'वेळ संपली' असं वाचते. ती पुढचं काही लिहिणार, तेवढ्यात पहिल्या प्रवाशाच्या पैशांचा निरोप येतो आणि सीट पक्की होते. मग प्रक्रिया आपलं अर्धवट राहिलेलं काम पुरं करून तीच सीट मोकळी करते, आणि दुसरा प्रवासी ती घेतो. वाचणं आणि लिहिणं यांच्यामधली ही फट टेस्टिंगमध्ये क्वचितच दिसते, कारण तेवढा क्षण नेमका पकडावा लागतो. टीएलसीला योगायोगाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय तो स्थिती थराथराने शोधत जातो, म्हणून चुकीपर्यंतचा सहसा सर्वांत छोटा मार्ग हातात येतो. तो मार्ग मी फळ्यावर मांडला आणि आमच्या टीममधला वाद तिथेच संपला. लिहिताना सीटची आवृत्ती तपासायची, म्हणजे वाचल्यानंतर ती बदलली तर नाही ना हे पाहायचं, असं ठरलं आणि स्पेक पुन्हा चालवला. ही फट बुजली.

त्यानंतर दुसरी अट लिहिली: पैसे घेतले असतील तर कधी ना कधी सीट किंवा परतावा मिळालाच पाहिजे. ती पण मोडली. सीट दुसऱ्याला गेल्यावर उशिरा आलेल्या पैशांचं काय करायचं, हे आमच्या डिझाइनमध्ये कुठेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या मते या भाषेची खरी किंमत इथे आहे. 'बरोबर' म्हणजे नेमकं काय, हे ती आपल्याकडून वदवून घेते. अडलं म्हणून मी या भाषेच्या वापरकर्त्यांकडे मदत मागितली, तेव्हा स्पेक बघण्याआधी त्यांनी विचारलं, "यात नेहमी खरं राहायला हवं असं काय आहे?" हा प्रश्न आता मी आमच्या प्रत्येक डिझाइन बैठकीत विचारतो.

त्रासही आहेत. एखादं चल बदलत नसेल तर तेही स्पष्ट सांगावं लागतं, विसरलं की टीएलसी थांबतो. स्पेकची मांडणी वाचणाऱ्या पार्सरचे एरर नवख्याला काहीच सांगत नाहीत. काम नीट संपलं तरी सुरुवातीला 'डेडलॉक', म्हणजे सिस्टिम अडकली, असा इशारा येतो, आणि तो समजायला वेळ लागतो. सर्वांत मोठी अडचण स्थितींच्या संख्येची. प्रवासी तीनाचे चार केले की संख्या कित्येक पटींनी फुगते आणि लॅपटॉप तापतो. सारख्या प्रवाशांना एकच धरण्याची सोय आहे, पण 'कधी ना कधी' प्रकारच्या अटींसाठी तिच्यावर विसंबता येत नाही. आणि टीएलसी तपासतो तो फक्त स्पेक. कोड त्याच्याप्रमाणे लिहिला आहे की नाही, ते पाहणं आपल्याकडेच राहतं.

साध्या फॉर्म आणि रिपोर्टच्या कामाला हे घेऊ नका, वेळ वाया जाईल. एकाच डेटाला दोन प्रक्रिया हात लावत असतील, निरोप हरवू शकत असतील किंवा पैशांचा व्यवहार असेल, तर जरूर घ्या. सरळ गणिती रूप जड वाटलं तर प्लसकॅल या तिच्या सोप्या रूपाने सुरुवात करा. ते प्रोग्रामसारखं दिसतं, आणि कोणती पायरी अखंड होते व कुठे दुसरी प्रक्रिया मध्ये घुसू शकते, हे त्यातली लेबलं, म्हणजे पायऱ्यांना दिलेली नावं, ठरवतात. आमची फट अशाच दोन लेबलांच्या मधली होती. शिकताना एकदम पॅक्सॉसला, म्हणजे अनेक संगणकांमध्ये एकमत घडवणाऱ्या अवघड अल्गोरिदमला, हात घालू नका. तीन आणि पाच गॅलनच्या भांड्यांतून नेमकं चार गॅलन पाणी मोजायचं कोडं हा या भाषेतला जुना धडा आहे, तो आधी करा.

एका माणसाच्या हयातीवर भाषा टांगलेली असेल तर ती कामात घ्यावी का, ही शंका माझ्या मॅनेजरनी रास्तपणे काढली होती. २०२३ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली टीएलए प्लस फाउंडेशन उभं राहिलं, आणि अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस, मायक्रोसॉफ्ट व ओरॅकल त्यात सुरुवातीपासून आहेत. त्यामुळे ती चिंता बरीच मिटली. साधनं मुक्त स्रोत आहेत, व्हीएस कोड या एडिटरसाठी चांगलं एक्स्टेन्शन आहे, खर्च काहीच नाही. पुढे चालू सिस्टिमचे लॉग, म्हणजे घडलेल्या घटनांच्या नोंदी, स्पेकशी ताडून पाहायचे आहेत. या समुदायातले काही गट ते करू लागले आहेत, आणि आम्ही सीटच्या आरक्षणापासूनच सुरुवात करणार आहोत.